तीन टिंबांनंतर

"मेल्याला चार म्हैनं झालं त्याला. मेलेल्या माणसानं रोज अकराला उठून थंडी किती पडली ते सांगू नये, सिद्धू. बरं दिसत न्हाई ते."

हरणाबाई परातीत भाकरीचं पीठ मळत होती आणि मान वर न करता बोलत होती. सिद्धूला हेच खपत नव्हतं. भांडायचं तर तोंडाकडं बघून भांडावं. नववीत मास्तरानं असंच फळ्याकडं तोंड करून त्याला ढोर म्हटलं होतं, तेव्हा यानं दौत फेकली होती. फळ्यावरची शाई पुसली गेली, याचं नाव पटावरनं पुसलं गेलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

"आवं काकी, मी काय कुणाला लुटतोय का? हवापाणी तर सांगतोय."

"कुणाच्या नावानं सांगतोस?"

"नाव मी घेतच न्हाई. तारेचा खटकाच तसा वाजतोय, त्याला मी काय करू?"

"त्येच म्हणतीया मी. तुजा हात न्हाई त्यो." तिनं बोटांचं पीठ परातीच्या काठावर झाडलं, टक टक टक, आणि थांबली. मग परत झाडलं. "काल वडूजच्या इहिरीचं तू सांगितलंस त्या सांगलीच्या म्हाताऱ्याला. तुला काय ठावं वडूजची इहीर? आमी तितनं आलो तवा तू जलमला न्हवतास."

सिद्धूचा आवाज चढला. "मग करू काय? बंद करू?"

"सातची गाडी हाय. सांगलीला जा. त्या म्हाताऱ्याला सांग, नाथाजी गेला म्हणून. खटक्यानं न्हाई, तोंडानं सांग."

"आन मग त्यो दिल्लीला कळवंल. दिल्लीची माणसं येत्याल, पेटीला लाख लावत्याल, टांग्यात घालून नेत्याल. तुमाला त्येच पायजे."

"मला काय पायजे ते तुमी दोघांनी कवा इचारलं?"

दोघांनी म्हणजे सिद्धूनं आणि तिच्या मेलेल्या नवऱ्यानं. सिद्धू ताडकन उठला, मधल्या खोलीत गेला, वायरलेसच्या पेटीचा मागचा पत्रा काढला आणि आठशे सात नंबरचा व्हॉल्व्ह उपसून बाहेर आला. हातभर वाटावा असा दिसायचा, होता वीतभर. काळी बैठक, वर फुगलेली काच, डोक्यावर धातूची टोपी. "ह्यो मी घिऊन चाललोय. मी माघारी येस्तवर पेटीला कुणी हात लावायचा न्हाई. भंगारवाल्याला दावली तर मुकी पेटी दावाल."

त्याला वाटलं होतं, ती आता तरी चिडेल. हरणाबाईनं पहिल्यांदा वर बघितलं. व्हॉल्व्हला ती दिवा म्हणायची. म्हणाली, "ने. नीट गुंडाळून ने दिवा. गाडीत धक्कं बसत्यात."

एसटी कराडच्या दिशेनं निघाली तरी ते "ने" त्याच्या कानातनं जाईना. मफलरमध्ये गुंडाळलेला व्हॉल्व्ह त्यानं शर्टाच्या आत पोटाशी धरला होता आणि गाडी आदळली की त्याला वाटायचं, आत काहीतरी हललं. काचेच्या आत पोकळी असते, तिथं हलायला काही नसतं, हे नाथाजीनंच सांगितलेलं. "आत काय हाय, आबा?" "काय न्हाई. काय न्हाई म्हणून तर पेटतोय." नाथाजी असंच बोलायचा, थोडं आणि दुसरीकडं बघत. पलटणीत वायरलेसवर हवालदार होता, बर्मात लढला होता, आणि पेन्शनीत आल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारातनं एका रणगाड्याच्या पोटातली ही पेटी उचलून साताऱ्याला घेऊन आला होता. एकोणीस नंबरचा सेट. पाठवायची आणि ऐकायची, दोन्ही कामं एकाच पेटीत. तिच्या पुढच्या पत्र्यावर प्रत्येक बटणाखाली दोनदा लिहिलेलं, एकदा इंग्रजीत आणि एकदा रशियनमध्ये, कारण लढाईत ती रशियालाही जायची. हरणाबाईला ती उलटी अक्षरं बघून पहिली दोन वर्षं वाटत होतं की हा कुठलातरी मंत्र आहे आणि नवरा रोज अकराला त्याच्यापुढं बसून जप करतो. तसं ते फार चुकीचं नव्हतं. आंघोळ करून बसायचा. पायाखाली लाकडी पाट घ्यायचा, कारण पेटीला वीज द्यायचा ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः फळीवर जोडला होता आणि त्यातनं पाचशे व्होल्ट कुठंतरी झिरपून खटक्याच्या पितळेत यायचे. ओल्या फरशीवर पाय टेकून खटका धरला की दंडापर्यंत मुंग्या, आणि नशीब वाईट असलं तर मुंग्यांच्या पुढं. "पाट इसरलास तर मला सांगायला येऊ नगंस," नाथाजी म्हणायचा, "कारण तू येणारच न्हाईस."

उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, एसटी मागं कण्हत होती. शेजारच्या म्हातारीनं पिशवी सिद्धूच्या मांडीवर सरकवली, यानं ती परत सरकवली. एरवी भांडला असता. आज त्याचं लक्ष उजव्या अंगठ्याकडं होतं. सकाळी शर्टाची गुंडी लावताना तो अडकला होता. तीन गुंड्या लावून झाल्या आणि चौथीला अंगठा एक श्वासभर थांबला, मग हलला. हे आता रोजचं झालं होतं. नाथाजीच्या अंगठ्यात बर्मातल्या बाँबचा एक तुकडा राहिला होता, हरभऱ्याएवढा, बोट दाबलं तर लागायचा. खटका दाबताना सलग तीन टिंबं झाली की अंगठा तिथं अडायचा. डिट डिट डिट, श्वास, मग पुढचं. ज्या ज्या अक्षरात तीन टिंबं यायची त्यात हा श्वास यायचा. सिद्धू दोन वर्षांपूर्वी, शाळा सुटल्यावर, भिंतीपलीकडचा हा आवाज काय म्हणून बघायला आत शिरला आणि बसला तो बसलाच. पुस्तक नव्हतं, तक्ता नव्हता, नाथाजीचा हात बघत शिकला. त्यामुळं त्याला वाटलं की श्वास अक्षरातलाच आहे, वेलांटी असते तसा. तो इतका घोटला, इतका घोटला की एक दिवस नाथाजी ऐकत बसला आणि एकदम हसला. "आरं गड्या, माजा तुकडा कुठनं घेतलास तू?" पण दुरुस्त केलं नाही. सिद्धूला कळलं तेव्हा उशीर झाला होता. श्वास सोडून वाजवायला गेला की हात परका वाटायचा, पाय आखडून चालल्यासारखा.

त्याला अंगठ्यात खरंच काही लागतंय का, हे त्यानं दुसऱ्या हातानं दाबून बघितलं. लागलं नाही. मग परत दाबून बघितलं.

नाथाजी भाद्रपदात गेला, दुपारी, जेवून पडला तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी माती सावडायच्या गडबडीत अकरा वाजले तेव्हा सिद्धू एकटा मधल्या खोलीत होता. त्यानं पेटी नुसती ऐकायला लावली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत साठ आकडे मोजायचे, मग खरखर येते, मग खरखरीच्या तळातनं आवाज. सांगलीचे गंगाधरपंत बोलावत होते. बावीस वर्षं हे दोघं रोज अकराला एकमेकाला बोलवायचे आणि बावीस वर्षांत प्रत्यक्ष भेटले होते दोनदा, दोन्ही वेळा कराडच्या स्टँडवर, एकमेकाला व्हॉल्व्ह द्यायला. पंत तार ऑफिसातले, निवृत्त, आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांचा हात धारदार होता, सुपारी कातरल्यासारखा. त्या दिवशी ते बोलावत राहिले. थांबायचे, परत बोलवायचे. बाहेर बायका रडत होत्या आणि आत तो आवाज लायसनवर नाव म्हणून नाथाजीला दिल्लीनं दिलेली अक्षरं पुन्हापुन्हा कातरत होता, आणि सिद्धूला ते ऐकवेना. त्यानं पाट घेतला. सांगायचंच होतं त्याला. नाथा गेला, एवढंच. पण त्यानं हाकेला ओ दिली, आणि ओ संपायच्या आत पंतांनी उत्तर पाठवलं: किती वेळ लावलास लेका, हात कापतोय तुझा, ताप आहे का? सिद्धूच्या हातानं सांगितलं, आहे थोडा.

मग चार महिने. लायसन माणसाचं असतं, पेटीचं नव्हे. माणूस गेला की दिल्लीला कळवायचं आणि पेटी बंद. बिगरलायसनचा पोरगा मेलेल्याच्या अक्षरांनी हवेत बोलतोय, हे पोलिसाला कळलं असतं तर आणीबाणीच्या या दिवसांत त्याला कुणी विचारलंही नसतं, थेट आत घातलं असतं. पण सिद्धूला त्याचं भय वाटायचं नाही. गावात तो दौत फेकणारा होता. अकराला, पाटावर, तो कुणीतरी होता. कुणीतरी दुसऱ्या टोकाला त्याची वाट बघत होतं. तो पेटीची निगा राखायचा तशी त्यानं स्वतःच्या अंगाची राखली नव्हती. संपर्काच्या पट्ट्या खोडरबरानं घासायचा. दमट हवेत पेटीत चाळीसचा बल्ब पेटता ठेवायचा, कोंबडीच्या पिल्लांना ठेवतात तसा. आणि व्हॉल्व्ह हा एकच उरला होता, त्याला तो जीवासारखा जपायचा. नाथाजी जादाचा व्हॉल्व्ह तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, तांदूळ ओल पितात आणि धक्काही बसू देत नाहीत. तो गेल्यावर सिद्धूनं डबा कोपरापर्यंत उपसला, हाताला तांदूळच लागले. "दुसरा दिवा कुठाय, काकी?" "भातासंगं शिजला आसंल," हरणाबाई म्हणाली होती, आणि हसली नव्हती.

सुरवातीला तो शब्द निवडून पाठवायचा. थंडी, ऊस, बाजार. म्हातारे असतात तसं. मग निवडणं बंद झालं. हात निवडायचा. पंत काहीतरी विचारायचे आणि सिद्धू विचार करायच्या आत हात हलायचा, आणि जे गेलं ते त्याला नंतर, स्वतःच्या कानांनी ऐकून कळायचं. आणि काल पंतांनी सहज विचारलं, वडूजच्या विहिरीचं शेवटी काय झालं रे, पाणी लागलं का? सिद्धूला वडूजला विहीर आहे हेच माहीत नव्हतं. हातानं सांगितलं: लागलं, पण खारट. सोडून दिली. आणि तीन टिंबं आली तिथं थांबला, आणि पुढं गेला. सिद्धू स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या मानेवरनं घाम जात होता, पौष महिन्यात. "काकी, वडूजला इहीर हुती का तुमची?" हरणाबाईच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "खारट लागली," ती म्हणाली. "माज्या बापानं दिल्याली जमीन. कुणाला सांगितलं न्हवतं आमी. लाज वाटायची."

नाथाजी कधीतरी बोलून गेला असेल. सिद्धू तिथं बसलेला असताना, खटक्यावर, पंतांना नाही तर दुसऱ्या कुणाला. असेल. एसटीत बसून त्यानं हे दहा वेळा स्वतःला सांगितलं. पण ते बोललेलं त्याला आठवत नव्हतं आणि हाताला आठवत होतं, म्हणजे मग हात कुणाच्या आठवणीवर चालला होता?

सांगलीत उतरला तर सगळ्या हवेला हळदीचा वास. गावभागात विचारत विचारत घर सापडलं. दार उघडलं ते पंतांच्या सुनेनं, विनोदिनीबाईंनी. तिनं याच्या चपला, मळकी विजार, पोटाशी धरलेलं गाठोडं, सगळं एका नजरेत मोजलं. यानंही तिचं मोजलं. डाव्या कानातलं कुडं सैल होतं, पडणार होतं लवकरच.

"कोण हवंय?"

"पंत. साताऱ्यासनं आलोय. हवालदारांकडचा."

वरून आवाज आला, "नाथाजीकडचा? पाठव गं त्याला वर! जिना मोडका आहे, तिसरी पायरी सोड म्हणावं!"

खोलीत पलंग, टेबल, आणि टेबलावर पेटी. हुबेहूब तीच. तीच उलटी अक्षरं, फक्त इथं रंग कमी उडालेला. सिद्धूला एक क्षण वाटलं की तो आलाच नाही, मधल्या खोलीतच आहे, आणि खुर्चीत नाथाजीच्या जागी हा पांढऱ्या बुबुळांचा माणूस बसलाय. पंतांनी तोंड त्याच्याकडं केलं, जरा चुकीच्या बाजूला.

"बस रे. नाव काय? सिद्धू? नाथाजीनं कधी सांगितलं नाही तुझ्याबद्दल. चोर आहे लेकाचा, पोरगं ठेवलंय हाताशी आणि बोलत नाही. काय निरोप?"

"निरोप..." सिद्धू म्हणाला. एसटीत त्यानं वाक्य तयार केलं होतं. पंत, हवालदार गेले. तीन शब्दांचं वाक्य.

"का काही द्यायला पाठवलंय? व्हॉल्व्ह? कागदाचा आवाज नाही, म्हणजे कापडात गुंडाळलंय. बरोबर?"

"व्हय."

"बघ! डोळे गेले पण कान गेले नाहीत. बावीस वर्षं त्याचा हात ऐकतोय मी. बायकोचं पाऊल ओळखत नव्हतो इतका तो ओळखतो. आता गेले चार महिने म्हातारा झालाय जरा, पण गोड झालाय. पूर्वी फार तुसडा होता." पंतांनी भिंतीकडं बोट केलं. "किती वाजले?"

"अकराला पाच कमी."

"मग तू कशाला निरोप सांगतोस? तोच सांगेल की आता. ये इकडं."

हेडफोनच्या दोन वाट्या त्यांनी ताणून वेगळ्या केल्या, एक स्वतःच्या कानाला लावली, दुसरी हवेत सिद्धूच्या दिशेनं धरली. सिद्धू स्टूल ओढून जवळ बसला. म्हाताऱ्याच्या अंगाला कापूर आणि तपकिरीचा वास येत होता. कानात खरखर सुरू झाली. सिद्धूनं पोटाशी व्हॉल्व्ह चाचपला आणि त्याच्या मनात एक भिकारडा विचार आला, आणि आल्याआल्या त्याला हायसं वाटलं. तोंडानं सांगायची गरजच नाही. व्हॉल्व्ह इथं आहे. तिकडं पेटी मुकी आहे. अकरा वाजतील, वर पाच मिनिटं जातील, दहा मिनिटं जातील. हा म्हातारा बोलवेल, थांबेल, परत बोलवेल. आणि मग खरखरच त्याला सांगून टाकेल. आपण नुसतं शेजारी बसायचं.

"आता बघ हं," पंत म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळाचे टोले पडले. खरखर. नुसती खरखर, कढईत चुरमुरे परतल्यासारखी. आणि मग ती दबली. तिच्यावर कुणीतरी तळहात ठेवावा तशी. सिद्धूला हे दबणं माहीत होतं, कुणाच्या पावलाआधी सावली येते तसं ते पहिल्या अक्षराआधी येतं. आणि मग घोगरा, ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीत भिजलेला सूर आला, जो सबंध महाराष्ट्रात एकाच पेटीचा होता, आणि त्या सुरात पंतांची अक्षरं आली. एकदा. दोनदा. तीनदा. जिथं तीन टिंबं होती तिथं श्वास होता.

सिद्धूनं शर्टात हात घातला, गाठोडं काढलं, मफलर सोडला. व्हॉल्व्ह होता. काळी बैठक, काच, टोपी. मांडीवर होता आणि तिकडून बोलत होता.

"काय झालं रे? काय सोडतोयस?"

"मफलर," सिद्धू म्हणाला.

"आज फार संथ आहे स्वारी." पंतांनी हसत खटक्यावर हात ठेवला आणि कातरायला सुरुवात केली. नमस्कार, तुझा पोरगा पोचला, जिना सावरून चढला, थंडी किती? मग हात उचलला. दोघं कान लावून बसले. उत्तर आलं: तीच हाक. पंतांची अक्षरं, तीनदा. पंतांच्या कपाळावर आठी पडली. परत विचारलं, ऐकू येतंय का? उत्तर: तीच हाक. आणि मग, मध्ये काही नाही, हवा नाही पाणी नाही, एकदम निरोपाची खूण. डिट डिट डिट, श्वास, डा डिट डा. संपलं, रजा घेतो.

"आत्ताच?" पंत म्हणाले. "आत्ताच रजा?"

परत तीच खूण आली. डिट डिट डिट. थांबली. डा डिट डा. आणि सिद्धूच्या कानात ती खूण होती पण डोळ्यांपुढं परात आली. परातीच्या काठावर पीठ झाडणारी बोटं. टक टक टक, आणि थांबली. रोज, रोज ती तशीच झाडायची आणि त्यानं, ज्याच्या डोळ्यांतनं कानातलं सैल कुडं सुटत नव्हतं त्यानं, बघितलं नव्हतं. बावीस वर्षं भिंतीपलीकडं स्वयंपाक करताना तिनं ऐकलं होतं. अक्षरं तिला येत नव्हती, ना इंग्रजी ना मराठी. पण सुरवात कशी वाजते आणि शेवट कसा वाजतो, हे तिला पाठ होतं, कारण सुरवात वाजली की नवरा तासभर जायचा आणि शेवट वाजला की जेवायला यायचा. तांदळात शिजलेला दिवा तिच्याकडंच होता. "ने," म्हणाली होती ती. ने तुझा.

तिसऱ्यांदा निरोपाची खूण आली. आणि तिच्या शेवटच्या 'डा'ला हात उचललाच नाही.

सूर लांबला. पंतांनी डोकं वाकडं केलं. सूर थांबेना. त्यात टिंब नव्हतं, श्वास नव्हता, तुकडा नव्हता. नाथाजीचा नव्हता तो, सिद्धूचा नव्हता. तो तिचा एकटीचा होता, तिला येणारं एकच अक्षर, आणि ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"हा नाथा नाही," पंत हळू म्हणाले. "कोण आहे रे तिथं?"

"काकी हायत."

"आणि नाथा?"

आता खरखर नव्हती. लपायला काहीच नव्हतं. "गेले, पंत. भाद्रपदात. चार म्हैनं झालं."

सूर दोघांच्या मधनं चालला होता. मग पंतांचा हात चाचपत आला, सिद्धूचा उजवा हात सापडला, आणि म्हाताऱ्यानं त्याच्या अंगठ्यावरनं बोट फिरवलं, पेरापेरानं, काहीतरी शोधत. "म्हणजे रोज तूच," ते म्हणाले. "त्याला शिव्या दिल्या मी परवा. त्या तू घेतल्यास." आणि मग, "विहीर खारट लागली ते खरं का?"

"खरं हाय. पर ते मी न्हाई सांगितलं."

हे बोलताना सिद्धूच्या डोक्यात दुसरीकडं आकडे चालू होते, ते त्याच्या लक्षात आलं. वीस. एकवीस. खटका असा दाबून धरला की व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल होतो. हात उचल, आबा ओरडायचा, मरंल त्यो! तीस. लालाचा पिवळा होतो. सूर बारीक व्हायला लागला होता. चाळीस. काच मऊ पडते, आत वाकते. तिला हे माहीत होतं. बावीस वर्षं "मरंल त्यो" तिनं भिंतीपलीकडनं ऐकलं होतं. ती पेटीला मारत होती, भंगारवाल्याला न देता, दिल्लीला न देता, स्वतःच्या हातानं. सूर सुतासारखा झाला, मग केसासारखा, एकदा थरथरला, आणि तुटला. खरखर परत आली आणि सगळीकडं पसरली.

"गेला," पंत म्हणाले, आणि वाटी कानावरनं काढली. त्यांचे पांढरे डोळे कोरडे होते. "बावीस वर्षांत तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला."

मांडीवरचा व्हॉल्व्ह तेवढा चांगला होता. हा घेऊन गेलं, आत बसवला, साठ आकडे मोजले की पेटी उद्या अकराला परत बोलेल. पंत आता सगळं कळूनसुद्धा ओ देतील, हेही सिद्धूला त्यांच्या हाताच्या पकडीवरनं समजत होतं. त्याच्या अंगठ्याला समजत होतं. त्यानं व्हॉल्व्ह उचलला, टेबलावर पंतांच्या खटक्याशेजारी आडवा ठेवला, घरंगळू नये म्हणून मफलर लावला. हात मोकळा झाला. आणि मोकळा झाल्यावर त्या हाताला एकदम आठवलं की सूर आपोआप तुटला, खटका कुणी सोडलेला ऐकू आला नव्हता. सकाळी तिनं फरशी धुतली होती. चुलीपुढं बसायला तिनं पाट घेतला होता, पिठाची परात पुढ्यात होती, आणि मधल्या खोलीत मागचा पत्रा काढताना त्याच्या पायाला गार, ओली फरशी लागली होती. खटक्यापुढं पायाखाली घ्यायचा पाट नव्हता तिथं. तो तिनं परत नेऊन ठेवला असेल का?

"बस रे," पंत म्हणाले. "विनू चहा आणतेय. मला सांग, शेवटी तो काय—"

"न्हाई पंत," सिद्धू म्हणाला. तो उठलाच होता, तिसरी पायरी सोडायची हे त्याच्या डोक्यात होतं. "पाट कुठाय ते ठावं न्हाई मला. मला आता निघायला पायजे."